मावशीची सही

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं काम करते, आणि तिथे तिने कमावलेली इज्जत मी महिन्याभरात घालवली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू घ्यायची कुणाला हौस नको.

धुलाईघर तळमजल्याच्याही खाली. चार मशिनं, चादरी इस्त्री करायचे दोन गरम रूळ आणि अकरा बायका. वाफ इतकी, की सकाळी चापूनचोपून केस बांधून गेलेली बाई दुपारी पिंजारलेली वर येते. मावशी तिथली प्रमुख. चादर हातात घेतली की कुठल्या वॉर्डची आणि अजून किती धुण्यांत फाटेल, ते ती सांगणार. कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याचे टाके घालून वॉर्ड ओळखायची पद्धत तिनेच बसवली. साहेब येतात-जातात, टाके तेच आहेत. नाकावर माशी बसू देत नाही. आई तिची सख्खी धाकटी बहीण, पण अजून तिच्यासमोर पाय पसरून बसत नाही. मला मात्र मावशीने डोक्यावर बसवून ठेवलंय. पहिली सायकल तिची, पहिला कॅमेराही तिचाच.

त्या कॅमेऱ्यानेच सगळं झालं. आम्ही सात पोरी, चार देशांतल्या. एका ऑनलाइन शिबिरात ओळख झाली आणि ठरलं की काम करणाऱ्या बायकांवर वेब सिरीज करायची, लिहिणाऱ्या-शूट करणाऱ्याही बायकाच. जिने तिने आपापल्या गावात शूटिंग करायचं, एडिटिंग भलत्याच देशात, संगीत तिसरीकडे. इकडे माझी दुपार कलायची तेव्हा तिकडे कुणीतरी दात घासत स्क्रीनवर यायची. भाषा सगळ्यांचीच मोडकी, त्यामुळे भांडणंही फार लांबायची नाहीत. एडिटिंग करणारी भर उन्हाळ्यात लोकरी टोपी घालून बसायची, म्हणून ती टोपीवाली. दुसरी कायदा शिकत होती, ती वकीलबाई.

वकीलबाईचा नियम कडक. जिच्यावर भाग केलाय तिने संमतीपत्र वाचून सही केल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. कोणता प्रसंग दाखवणार, त्यातून काय उघड होणार, सगळं त्यात कलमवार लिहायचं. कुठल्याही बाईचा गैरफायदा घेतला जाऊ नये म्हणून आम्ही त्या दोन पानांवर तीन आठवडे घासाघीस केली. आणि काय सांगू, आम्ही स्वतःवरच इतक्या खूश होतो!

मी मावशीचं शूटिंग तीन दिवस केलं. बोलण्याचं भाषांतर जोडून पाठवलं. चौथ्या दिवशी टोपीवालीने विचारलं, "तुझ्या मावशीला वाचता येत नाही का?"

"काहीही काय बोलतेस," मी म्हटलं.

तिने तुकडे दाखवले. वॉर्डांची यादी आली की मावशी म्हणायची, "चष्मा घरी राहिलाय गं, तूच वाच." तीन दिवसांत अकरा वेळा. त्यातल्या आठ वेळा चष्मा गळ्यात लोंबत होता. टोपीवालीने ते अकराही एकापुढे एक जोडले होते आणि शेवटी काळ्या पडद्यावर अक्षरं टाकली होती: यांना वाचता येत नाही. सव्वीस वर्षांत एकही चादर चुकीच्या वॉर्डात गेलेली नाही.

स्क्रीनवरच्या साती चौकटी हसल्या, मग दोघी रडल्या. मी दोन्ही केलं. लहानपणी मावशी आलेलं प्रत्येक पत्र मला वाचायला लावायची, "तुझा आवाज गोड आहे" म्हणायची, आणि मी फुशारून जायचे, ते आठवलं. पण त्याहून मोठं काय वाटलं सांगू? सगळ्यांत भारी भाग माझा होणार, हे वाटलं.

आईला विचारलं. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. "हे तिने नवऱ्यालाही कळू दिलं नाही. सही तेवढी घोटून घोटून शिकली. कुठे बोललीस तर बघ."

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

संमतीपत्राचं मराठी मीच केलं. पाचवं कलम असं होतं: या भागातून तुम्हाला वाचता येत नाही हे सर्वांना कळेल. ते घेऊन मी मावशीच्या स्वयंपाकघरात गेले. वाटेत दहादा ठरवलं होतं की वाचून दाखवायचं. पण वाचून दाखवते म्हटलं असतं, तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. शिवाय ती नाही म्हणाली असती. दोन्ही कारणं खरी, पण दुसरं जास्त खरं. मी कागद पुढे सरकवला. "मावशी, हे जरा वाच आणि सही कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि बोट ओळीवर ठेवून वाचायला लागली. म्हणजे वाचल्यासारखं करायला लागली. ओळीमागून ओळ. बरोबर वेळेवर पान उलटलं.

"छान लिहिलंय," ती म्हणाली आणि सही केली. मग तिने चहा टाकला आणि मी तो पिऊन आले.

भाग लोकांपर्यंत गेला, गाजला. धुलाईघरात बायकांनी डबे खाताना एका मोबाईलवर घोळका करून पाहिला. कुणी कुचकं बोललं असतं तर मावशीने तिथल्या तिथे हिशोब चुकता केला असता. पण कुणीच तसं बोललं नाही. "बाई, आम्हाला सांगायचं की," म्हणाल्या. कार्यालयातला साहेब मुद्दाम खाली उतरला, कौतुक केलं, आणि तिला त्रास नको म्हणून यादी एका नव्या मुलीच्या हातात दिली. आता ती मुलगी वॉर्ड वाचते, मावशी घड्या घालते. सगळे तिच्याशी मोठ्या आवाजात, सावकाश बोलतात, ऐकू येत नसल्यासारखं.

हे मला आईने फोनवर सांगितलं आणि माझं ऐकून न घेता फोन ठेवला.

मी पोरींना म्हटलं, भाग काढून टाकू या. वकीलबाईने विचारलं, "पण सहीआधी तू त्यांना सगळं वाचून दाखवलंस ना?"

"हो," मी म्हटलं. "सगळी कलमं." आणि कॉल बंद केला. तोंड वर करून खोटं बोलले. लाज वाटली, पण ती बोलून झाल्यावर. मला ती कायम उशिराच वाटते.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेले. ती रागावेल, तोंड सोडेल, मग मी रडेन, मग ती जवळ घेईल, असं काहीतरी मी मनात रचून ठेवलं होतं. तिने कपाटातून संमतीपत्र काढलं. तिच्याकडची प्रत, महत्त्वाच्या कागदांत जपून ठेवलेली.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचायला लागले. पाचव्या कलमाशी अडले. "पुढे," ती म्हणाली. सातवं शेवटचं. "यातलं काहीही मान्य नसेल तर आत्ता किंवा नंतर कधीही नाही म्हणा. कारण विचारलं जाणार नाही."

"म्हणजे तेव्हा मला नाही म्हणता येत होतं?"

"हो."

"आणि आता?"

"आताही."

"मग नाही."

मी तिथेच पोरींना संदेश लिहिला. मावशीने तो मराठीत मोठ्याने वाचायला लावला. भाग आजच काढा, एवढ्यावर मी थांबले तर म्हणाली, "का ते लिही." मग लिहिलं की मी तिला काहीही वाचून दाखवलं नाही, तिला वाचता येत नाही हे माहीत असून नुसता कागद पुढे केला, आणि काल खोटं बोलले. तेही वाचून दाखवलं. एकेक शब्द. पाठवला.

मावशीने कागदाची घडी घातली.

"मी बोट फिरवत होते, तेव्हा तू कुठे बघत होतीस?" तिने विचारलं.

"बोटाकडे," मी म्हटलं. "पाचव्या कलमावरून पुढे गेलं तेव्हा मला बरं वाटलं."