बिनतेलाची ज्योत

आमच्या चुन्नीलालला देवाधर्माचं काही सांगायला जा, तो आधी विचारतो, "पायलं कोनं?" अर्जुनी मोरगावच्या रस्त्यावर त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. जळलेली मोटार उघडायची, आतली तार पाहायची आणि मगच बोलायचं, हा त्याचा धंदा. चमत्कारांनाही तो हाच नियम लावतो. कोणाच्या नारळात फूल निघालं, तर हा आधी नारळवाल्याचं नाव विचारणार.

अशा माणसाच्या वाट्याला यंदा एक चमत्कार आला आणि बिचाऱ्याचं चित्त उडालं.

आमच्याकडे मायच्या, म्हणजे देवीच्या, देवळात नवरात्रात नवसाच्या ज्योती लागतात. एका खोलीत मातीचे कलश ओळीनं मांडतात, प्रत्येकावर नाव असतं, आणि नवरात्र सरेपर्यंत ज्योत विझू द्यायची नसते. तेल घालायचं ते फक्त पंड्यानं, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यानं, उपाशी आणि अनवाणी. चुन्नीलालची बायको सावित्रीबाई हिनंही एक ज्योत लावली होती. तिच्या पित्ताशयात खडे झालेले. दसऱ्यानंतर गोंदियाला ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

"लाव ज्योत. पन तारीख चुकवाची नाई," एवढंच चुन्नीलाल म्हणाला होता.

अष्टमीच्या दुपारी ज्योतीच्या खोलीतला पंखा बंद पडला म्हणून त्याला बोलावणं आलं. तो स्टुलावर चढला असतानाच इंद्रकुमार पंडा उपासानं चक्कर येऊन पडला. होते नव्हते ते बाकी सगळे त्याला उचलून घरी घेऊन गेले. नव्या तेलाचा डबा कपाटात आणि कपाटाची किल्ली पंड्याच्या कमरेला, तीही गेली. लोक परतले तेव्हा साऱ्या ज्योती विझलेल्या. एकच जळत होती, सावित्रीबाईची.

"तेल कोनं टाकलं?"

"कोन टाकंल? आत तं चुन्नीलाल होता."

हे ऐकून सगळ्यांची शंका फिटली आणि हात जोडले गेले. चुन्नीलाल आत असणं म्हणजे आत कोणीच नसण्यासारखं. शिवाय, न मानणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत झालेलं, याहून पक्का पुरावा कोणता?

"तुमी पायलं ना जी?" दुर्गेश किराणावाल्यानं विचारलं.

"मी पंखा पाहून राहिलो होतो," चुन्नीलाल म्हणाला.

त्यानं काय केलं ते मी सांगतो. खोली रिकामी झाली आणि एकेक ज्योत खाली बसू लागली. हा पंख्याचे स्क्रू फिरवत होता, पण नजर बायकोच्या कलशावर. ती ज्योत फडफडली तसा तो खाली उतरला. पायात चप्पल, पोटात भजी, बोटांना ग्रीस. जुन्या डब्याच्या तळाशी उरलेलं तेल त्यानं तिच्या कलशात ओतलं. एका ज्योतीपुरतंच होतं ते.

दसरा झाला आणि सावित्रीबाई म्हणाली, "आता ऑपरेशन कायले? मायनंच ज्योत राखली."

"दुखते ना अजून?"

"दुखते. जाईल."

पण भाकरी थापता थापता तिचा एक हात बरगडीखाली जायचा आणि चुन्नीलाल ताट सोडून तिकडेच पाहायचा. दुकानात तो मोटार उघडी, बंद करी, पुन्हा उघडी. आत काय पाहायचं होतं तेच विसरे. चहाच्या टपरीवर गेला तर तिथं त्याच्याच चमत्काराची गोष्ट, आणि साक्षीदार म्हणून चहा फुकट.

"तिची वात बारीक असंल," तो एकदा पुटपुटला.

"साऱ्या वाती माह्याच हातच्या," आता बरा होऊन फिरणारा इंद्रकुमार म्हणाला.

सांगावं तर नवस बाटला म्हणून ती हादरणार. न सांगावं तर तारीख जाणार. तारीख एका दिवसावर आली, तेव्हा सकाळी ती तांदूळ निवडत होती तिथं तो जाऊन बसला.

"थे तेल मी टाकलं."

"मालूम हाय."

"कसं?" चुन्नीलालनं विचारलं.

"विसर्जनाले कलश डोक्यावरून उतरवला तवा पायलं. ग्रीसचा काया अंगठा उमटला होता. तसाच अंगठा आपल्या दरवाजाले हाय, साखरेच्या डब्याले हाय, माह्या लुगड्याले हाय."

"मंग बोलली काऊन नाई?"

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "पोट चिरतात म्हने. मले भेव लागून राहिलं जी. मायचं नाव घेतलं का कोनी जबरदस्ती करत नाई."

चुन्नीलालनं अंगठा मुठीत लपवला.

"मलेबी भेव लागलं होतं," तो म्हणाला. "म्हनून तं ओतलं."

दुसऱ्या दिवशी दोघं गोंदियाच्या गाडीसाठी स्टेशनवर आले. तिथं दुर्गेश भेटलाच.

"आता दवाखाना कायले जी? ज्योत तं मायनं राखली ना?"

चुन्नीलालनं तोंड उघडलं. पण सावित्रीबाई आधी बोलली, "ज्योत मायनं राखली. खडे डॉक्टर काढंल."

गाडी सुटली. ती खिडकीबाहेर धानाची शेतं पाहत बसली होती. मग त्याच्याकडे न पाहताच म्हणाली, "पुढच्या साली हात धुवून तेल टाकजा."