गजूकाका आणि माझा पासवर्ड

गजूकाकांना मी खुर्चीत टेकलेलं कधी पाहिलं नाही. पेणमधल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात ते फेऱ्या मारतच कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. गळ्यात वायर, कानाला फोन, आणि समोरचा बोलत असतानाच "पुढं, पुढं" अशी घाई. मूळचे ते मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे. हात थरथरायला लागला, ब्रश सुटला, आणि काका जिद्दीनं कॉम्प्युटर शिकले. सवयी मात्र रंगकामाच्याच राहिल्या. ब्रशचा पहिला फटकारा ते अंगठ्याच्या नखावर मारून बघत. तसंच कुठलंही बटण आधी कोऱ्या पानावर दाबून बघायला लावत. "आधी नखावर, मग मूर्तीवर," म्हणायचे.

एक हट्ट मात्र मला अतिच वाटायचा. दुसऱ्याचा पासवर्ड ते ऐकूनच घ्यायचे नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी एकदा मालकांनी गावाला जाताना आपला पासवर्ड त्यांना सांगितला, आणि त्याच आठवड्यात परदेशी गिऱ्हाइकांची यादी दुसऱ्या कारखान्यात पोचली. तोंडावर कोणी काही बोललं नाही, फक्त काकांकडची ऑफिसची किल्ली काढून घेतली. पुढं कळलं, यादी मालकांच्या पुतण्यानं दिली होती. किल्ली परत आली. मालकांच्या तोंडून "चुकलो" काही आलं नाही.

वडिलांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोह्याला माहेरी होते आणि टॅबलेटला कीबोर्ड लावून, त्यावरून पेणच्या कॉम्प्युटरला जोडून काम करत होते. परदेशी जाणाऱ्या कंटेनरमधल्या मूर्तींची यादी माझ्या डिजिटल सहीशिवाय जात नसे, आणि सहीला पासवर्ड लागे. त्या दिवशी पाचच्या आत यादी गेली नसती तर बोट चुकली असती, आणि पुढच्या बोटीनं मूर्ती पोचल्या असत्या चतुर्थी उलटल्यावर. मग त्या कोण घेणार? साडेचारला पासवर्ड टाकला. चूक. सावकाश पुन्हा टाकला. चूक. तिसऱ्यांदा चुकला की सही दुसऱ्या दिवसापर्यंत बंद.

काकांना फोन लावला. ते ऑफिसात, त्याच कॉम्प्युटरसमोर फेऱ्या मारत होते.

"काका, मी पासवर्ड सांगते, तुम्हीच टाका."

"नाय गो. मला नाय सांगायचा."

"अहो, वीस मिनिटं राहिलीत!" मी ओरडले, आणि रागाच्या भरात पासवर्ड बोलूनच टाकला.

फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलेनात. आतून वडील पाणी मागत होते, घड्याळ थांबत नव्हतं, आणि काकांचा मला असा संताप आला की विचारू नका. मग त्यांचाच फोन आला.

"कोरं पान उघडलंय. पासवर्ड नको. आकडे नि चिन्हं एकेक दाब. काय दाबलंस ते बोल, हितं काय येतं ते बघू. चल, पुढं!"

आकडे सगळे बरोबर आले. "अ‍ॅट," मी म्हटलं.

"हितं अवतरणचिन्ह आलं! कीबोर्ड कुठला हाय तुझा?"

"नवा. भावानं मस्कतहून आणलाय."

"मग व्हय! त्याच्यावर अ‍ॅट एंटरजवळ छापलंय ना? हा कॉम्प्युटर छापलेलं बघत नाय गो, जागा बघतो. शिफ्ट धर नि दोन दाब."

दाबलं. "आला!" काका ओरडले. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, म्हणून इतका वेळ माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा टाकला. सही झाली. पाचला सात मिनिटं असताना यादी गेली आणि मला रडूच फुटलं.

"काका, तुमचे उपकार..."

"ते ऱ्हाऊ दे. आधी पासवर्ड बदल."

"पण तुम्ही ऐकलात कुठं? लगेच फोन ठेवलात ना?"

"ऐकला गो," ते म्हणाले. "म्हणून तर बदल."

गेल्या वर्षी काका गेले. तेराव्याला त्यांच्या ओटीवर मालकांनी मला बाजूला घेतलं. "त्या गिऱ्हाइकांच्या यादीपायी मी गजूवर उगाच संशय घेतला. बोलायचं राहूनच गेलं."

"मला काय सांगता? आत काकू बसल्यात, त्यांना सांगा."

मालक खाली बघत चपला शोधायला लागले. माझं डोकंच फिरलं. सगळ्या माणसांना ऐकू जाईल अशी मी आत हाक मारली, "काकू, जरा बाहेर या. मालकांना तुमच्याशी बोलायचंय."