पिसोरी आणि साडूची लेन्स

माझ्या साडूला देवाने सगळंच माझ्यापेक्षा मूठभर जास्त दिलं होतं. बायको घरातली थोरली, त्यामुळे सासुरवाडीत पहिला पाट त्याचा. ओरोसला जिल्ह्याच्या कचेऱ्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, त्यांतल्या एकीत त्याला खुर्ची, त्यामुळे सासरे त्याला म्हणत ‘सायबानू’ आणि मालवणात मुलांना भूगोल शिकवणाऱ्या मला म्हणत ‘मास्तरानू’. त्याचे केसही माझ्यापेक्षा दाट होते. इथवर मी सोसलं. पण त्याच्या भावाने आखातातून त्याला लेन्स आणून दिली आणि माझी झोप उडाली.

फोटोचा नाद आधी मला लागला होता, हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. माझा कॅमेरा जुना, लेन्स बेताची. उन्हात ती झकास चाले, पण झाडीत शिरलं की तिला दिसेनासं होई. साडूची लेन्स पेल्याएवढ्या तोंडाची होती. जिथे मला पाव सेकंद झडप उघडी ठेवून श्वास रोखून बसावं लागे, तिथे तो एका टिचकीत मोकळा. तो ती लेन्स पिवळ्या फडक्याने पुसायचा तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो आणि मला तिकडेही ती लेन्सच दिसायची.

सासरे धामापूरजवळच्या एका वाडीत राहत. वाडीच्या वर राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची राई होती आणि राईत पिसोरी होती. सशाएवढं हरीण, शिंगं नाहीत, पाय पेन्सिलीसारखे, अंगावर पांढरे ठिपके. सासऱ्यांनी ती तरुणपणी एकदाच ओझरती पाहिली होती आणि आता गुडघे त्यांना चढण चढू देत नव्हते. वैशाखात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून खाली पडले की ती संध्याकाळी ते खायला येते, एवढं त्यांना ठाऊक होतं. एका दुपारी जेवताना ते म्हणाले, “दोगांकडेय कॅमेरो आसा. माका पिसोरी दाखवा. जो काढून हाडीत तेचो फोटो पडवीत लावतलंय.”

पडवीतली ती भिंत! सगळा गाव तिथे बसून चहा पितो. मी भातावरची कढी भुरकायची थांबवली. बायको वाढता वाढता कानाशी म्हणाली, “कायतरी जळता हा. चुलीवरचा नाय, तुमचा.”

मी ठरवलं होतं, साडू वामकुक्षी घेतोय तोवर एकट्याने राई गाठायची. पण देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय राईत कुणी पाऊल टाकत नाही आणि गाऱ्हाणं घालायचा मान सासऱ्यांचा. मी नारळ घेऊन अंगणात उतरलो, तर ते म्हणाले, “सायबांक उठवा.”

“त्यांचा दुसरा नारळ...”

“एका घरचे जावय, दोन नारळ कित्याक? देव काय म्हणात? एका नारळात जाशात तर एकत्रच बसा नि एकत्रच येवा.”

म्हणजे माझी चोरी सुरू होण्याआधीच पकडली गेली. पायथ्याच्या दगडापाशी सासऱ्यांनी आवाज लावला. “बा राखणदारा म्हाराजा, आज ही जी दोन लेकरा तुझ्या राईत जातत, ती बंदूक घेवन नाय, फोटो काढूक जातत. तेंच्या मनात जा काय आसा ता पुरा कर, नि वाकडा काय आसात तर सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी एवढ्या जोराने ओरडलो की साडू दचकला. माझ्या मनात काय होतं ते राखणदारालाच ठाऊक. साडूचा फोटो हलू दे, एवढंच.

रातांब्याच्या झाडाच्या एका बाजूला मी बसलो, समोर दहा-बारा हातांवर तो. मधे लाल फळांचा सडा. सहा वाजून गेले. वर पानांवर ऊन होतं, खाली मात्र काजळी धरली होती. डास चावत होते, मारायची सोय नव्हती. माझ्या कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा सांगत होता, पाव सेकंद. आणि समोरचा टिचकी मारायला तयार! मी डोळे त्याच्या बोटावर खिळवले. बोट हललं की आपणही दाबायचं, त्याच्या मागे एक क्षणही राहायचं नाही.

पानं किंचित वाजली. काहीतरी आलं. साडूचं बोट हललं नाही. त्याचा कॅमेरा मांडीवरच होता आणि तोंड उघडं. हा दाबत का नाही? काय डाव आहे ह्याचा? मी लेन्स फिरवत फिरवत त्याचं तोंड नीट स्पष्ट केलं आणि तसंच दाबलं. खट्ट! खालून काहीतरी टणकन उडालं आणि झाडी मिटली.

“अहो, दाबलं का नाही?” मी खेकसलो.

“विसरलो हो,” तो म्हणाला. “एक पाय उचलून उभी होती. रातांबा तोंडात. अशी बघत होती माझ्याकडे...” एवढ्या मोठ्या लेन्सचा मालक, आणि त्याला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं! मी त्याला वाटभर शिव्या घालत होतो आणि तो माझ्यासाठी काटे बाजूला करत होता.

पडवीत सासरे वाटच बघत होते. “बघलात मां? कान केदे आसत तिचे?”

साडूने बोटांनी माप दाखवलं. “नि डोळे?” तेही त्याने सांगितलं. मग सासरे माझ्याकडे वळले. “मास्तरानू, तुमका कशी दिसली?”

“तशीच,” मी म्हणालो.

आठ दिवसांनी कुडाळच्या स्टुडिओतून फोटो आला. खाली फिकट रेघांचा एक ढग, म्हणजे पिसोरी. आणि त्याच्या वर, सुईने कोरल्यासारखं स्पष्ट, साडूचं तोंड. पण काय तोंड होतं ते! चाळिशीचा माणूस सहा वर्षांचा झालेला. सासऱ्यांनी फोटो हातात घेतला तो खाली ठेवेचनात. “ह्या तोंडात दिसता माका ती,” ते म्हणाले आणि त्यांनी तो पडवीत लावला.

भिंत मला मिळाली. चहाला येणारा प्रत्येक जण अजूनही विचारतो, साहेब बघतात तरी काय एवढं? मग साडू पाय उचलून दाखवतो, रातांबा तोंडात धरून दाखवतो, लोक माना डोलावतात. मीही त्यांच्यात बसून ऐकतो. पंधरा-वीस वेळा ऐकलं असेल. दर वेळी तो एखादी नवी गोष्ट सांगतो, परवा म्हणाला तिची मिशी ओली होती, आणि मी दहा हातांवर बसलेला माणूस, मला ती त्याच्याकडून कळते.