कानात सांगायचा पासवर्ड

श्रीरामपूरला आमच्या बियाण्यांच्या ऑफिसातले फोन इंटरनेटवर चालतात. त्यांचा सर्व्हर बघायला नगरहून येणारा माणूस चहा हवा असला तरी कानाशी येऊन कुजबुजतो. सर्व्हरसमोर तर नुसत्या भुवया उडवतो. माझं डोकंच फिरतं.

परवा त्याने सर्व्हर अपग्रेड केला, बाहेरचं कुणी घुसू नये म्हणून नवा पासवर्ड घातला आणि बस पकडायला गेला. तेवढ्यात वीज गेली, परत आली, आणि सर्व्हर पासवर्ड मागत बसला. सगळे फोन मुके. मी त्याला मोबाईल लावला.

"मोबाईलवर न्हाई साहेब, कोन बी ऐकतं. स्टँडवर या."

धावत गेलो तर बस निघतच होती. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो कुजबुजला. इंजिनापुढे काही ऐकू येईना. शेवटी त्याने जिवाच्या आकांताने एकेक अक्षर ओरडून सांगितलं. मी परत म्हणून दाखवताना एक चुकलं, ते मागच्या खिडकीतल्या मावशींनी दुरुस्त केलं.

ऑफिसात येऊन पासवर्ड टाकला. पहिला फोन त्याचाच.

"आधी पासवर्ड बदला. हितं समद्या बसला पाठ झालाय."

"बरं, नवा काय ठेवू?"

त्याचा आवाज पुन्हा कुजबुजीवर आला.

"फोनवर न्हाई. उद्या येतो."