प्राचीच्या रागाची वही

डॉक्टरबाईंनी प्राचीला दोन्ही हात पुढे धरायला लावले, बोटं पसरायला सांगितली आणि त्यांवर एक कोरा कागद ठेवला.

पंखा बंद होता, खिडकीही बंद होती, तरी कागद थरथरत होता. सुकलेल्या पानावर भुंगा बसला की येतो तसा बारीक आवाज येत होता. आज इतके महिने झाले, दुकानात कोणी बिलाचा कागद हलवला तरी मी दचकून वर पाहतो.

"मला हायपरथायरॉइडिझम वाटतोय," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट संध्याकाळी येईल. पण मी औषध आत्ताच सुरू करते. हिला आधी काही देत होतात का?"

मी खोकलो. माझ्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत लाकडी पेटी, पेटीत चाळीस बाटल्या.

"सांगा ना आता," बायको म्हणाली. "घरी तं लय बोलता."

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचा मूर्खपणा समजायला सोपा जाईल. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. काही वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या हातावरचे चामखीळ माझ्या होमिओपॅथीच्या गोळ्यांनी गेले. म्हणजे गोळ्या चालू असताना गेले. तेवढ्यावर मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजू लागलो. मराठीतलं एक जाड पुस्तक आणि ती पेटी आणली. गिऱ्हाईक युरियासाठी यायचं आणि पडशाच्या गोळ्या घेऊन जायचं. गोळ्या फुकट होत्या, त्यामुळे माझी कीर्ती चटकन पसरली.

प्राची माझी मुलगी, वय पंधरा, दहावीत. शाळा सुरू झाली आणि तिला राग यायला लागला. डबा आवडला नाही की झाकण भिरकावायची. आईने हाक मारली की दार आपटायची. "मले काई नाई झालं! तुमी कायले मागं लागून राहिले?" हे दिवसातून दहा वेळा.

दुसऱ्या कोणा बापाने आवाज चढवला असता. मी शंभर पानी वही आणली.

होमिओपॅथीत रोग्याच्या स्वभावाची नोंद फार महत्त्वाची. राग केव्हा येतो, कशाने वाढतो, थंडीत बरं वाटतं की उन्हात. ते सगळं लिहायचं, पुस्तकातल्या वर्णनांशी ताडायचं आणि औषध निवडायचं. मी रोज संध्याकाळी प्राचीला समोर बसवून विचारायचो. ती चिडायची, पण उत्तर द्यायची. चिडली तर मी तेही लिहायचो.

पहिल्या महिन्यात कॅमोमिला दिलं, कारण पुस्तकात लिहिलं होतं की मागितलेली वस्तू दिली की रोगी ती फेकतो. झाकण फेकलंच होतं. दुसऱ्या महिन्यात नक्स व्होमिका. मग स्टॅफिसॅग्रिया, दाबलेल्या अपमानावरचं. तिचा अपमान कोणी केला हे शोधायला मी शाळेतही जाऊन आलो. त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी लिहिलं: "अबोला. दोन दिवस."

बायकोला, वनिताला, माझ्या विद्येचा आदर पहिल्यापासून बेताचाच. ती म्हणाली, "अजी, पोरीचा ड्रेस म्या दोनदा आत घेतला. सहा पोळ्या खाते अन् हाडं दिसून राहिली. दवाखान्यात दाखवू."

"थांब, औषध लागू पडून राहिलं," मी म्हणालो.

आम्हा होमिओपॅथीवाल्यांत एक समजूत असते. औषध बरोबर निवडलं की त्रास आधी वाढतो, मग उतरतो. प्राचीचा राग वाढत होता, म्हणजे मी बरोबर होतो. ती जितकी बिघडत गेली तितका मी खूश होत गेलो. त्या चार महिन्यांतला माझा आनंदी चेहरा मला अजून आठवतो आणि तो आठवू नये असं वाटतं.

आणि मग ते वाक्य. नवरात्राच्या आसपास एका संध्याकाळी ती चिडली नाही. वहीकडे पाहत हळूच म्हणाली, "बाबा, माह्या आतमधी कोनीतरी धावून राहिलं. मी बसली तरी ते थांबत नाही."

होमिओपॅथी शिकणाऱ्याला असं वाक्य म्हणजे लॉटरी. चारचौघांत नसणारं, विचित्र लक्षण सापडलं की औषध हमखास सापडतं, असं पुस्तक सांगतं. मी तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. खाली लाल रेघ मारली, बाजूला चांदणी काढली. "शाबास!" असंही म्हणालो बहुतेक. मग तिला तिथेच बसलेली सोडून पुस्तकातलं भासांचं प्रकरण उघडलं.

तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवावीत, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांनी तिला घसा धरून ताप आला. उलट्या झाल्या, ती काहीबाही बडबडू लागली. वनिताने मला विचारलंच नाही. शेजाऱ्याची गाडी बोलावली, पोरीला मागच्या सीटवर घेतलं आणि मला म्हणाली, "या, नाही तं राहा." भंडाऱ्याच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा मी मागे वळून प्राचीच्या जिभेवर चार गोळ्या टाकल्या. वनिताने पदराने तिचं तोंड पुसलं. अजूनही त्यावर बोललेली नाही.

दवाखान्यात शेवटी मी पेटी आणि वही दोन्ही टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी पेटी बाजूला सारली आणि वही वाचायला घेतली. पानं उलटताना त्या मोठ्याने वाचत होत्या. "थंड फरशीवर झोपते. घाम फार. भूक राक्षसी. अक्षर बिघडले, हात कापतो. डोळे वटारून पाहते, उद्धट." इथे त्या थांबल्या. "ती वटारत नव्हती. या आजारात पापण्या वर ओढल्या जातात."

मग वही मिटून म्हणाल्या, "इतकी नीट नोंद आमच्याकडे शिकणारी मुलंही करत नाहीत. सगळं लिहिलंय तुम्ही. फक्त नाव चुकलं."

खरं सांगतो, पहिल्या वाक्याला मला क्षणभर बरं वाटलं. वनिताने ते माझ्या तोंडावर पाहिलं.

"गोळ्यांनी हिला काही केलं नाही का?" मी विचारलं.

"नाही. गोळ्यांनी चार महिने घालवले, तेवढंच केलं."

हायपरथायरॉइडिझम म्हणजे काय, ते त्यांनी समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिचा रस गरजेपेक्षा जास्त पाझरला की सगळं शरीर विनाकारण पळू लागतं. हृदय, पोट, घाम, झोप, डोकं. त्यात ताप आला की घोडा उधळतो. प्राचीचा उधळला होता. तिला आयसीयूत नेलं.

काचेतून मॉनिटर दिसत होता. एकशे अठ्ठावन्न. एकशे बासष्ट. ती निपचित पडली होती आणि आत कोणीतरी धावत होतं. तिने मला अगदी साध्या भाषेत सांगितलं होतं. मी त्याखाली रेघ मारली होती.

बाहेरच्या बाकावर चार दिवस काढले. वही माझ्याजवळ होती. वाचवत नव्हती आणि ठेववतही नव्हती. मी शेतकऱ्यांना रोज सांगतो, धान पिवळं दिसलं म्हणून वरून फवारे मारू नका, तुडतुडा किडा खाली बुंध्याशी बसलेला असतो, धान बाजूला सारून वाकून पाहा. दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, मी गुडघाभर चिखलात वाकतो. घरात मी वरून फवारत होतो.

पाचव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. ठोके शंभरच्या आत आले होते. तिने वही मागितली. मी नाही म्हणालो, वनिताने दिली. प्राची सावकाश वाचत राहिली. "उद्धट"पाशी हसलीसुद्धा. चांदणीच्या पानावर मात्र थांबली.

"बाबा, तुमी रोज विचारत होते. लिहून घेत होते," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमाले समजून राहिलं."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावर माझ्याकडे बाटल्या होत्या. यावर एकही नव्हती.

आता रोज गोळी असते, ठराविक महिन्यांनी रक्ताची तपासणी. टीएसएच नावाचा आकडा पाहतात, म्हणजे मेंदूकडून त्या ग्रंथीला जाणारा हुकूम. डॉक्टरबाईंनी एक गोष्ट बजावली आहे, तीही सांगून ठेवतो. ही गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर वाट पाहत बसायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं, कारण ही गोळी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवते.

हे वाचणाऱ्या आईबापांनो, वयात आलेलं पोर चिडतंच, आणि बहुतेकदा ते वयच असतं. पण चिडचिडीबरोबर पोर वाळत असेल, हात कापत असेल, गार फरशी शोधत असेल, छातीत धडधडतं म्हणत असेल, तर आधी डॉक्टर आणि रक्ताची तपासणी. आणि ते जे सांगेल ते निव्वळ लिहून घेऊ नका. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी कसे फेडणार? मला मुलगी त्या एका कागदाने परत दिली.

पेटी माळ्यावर गेली. वही जाळायची होती, प्राचीने जाळू दिली नाही. आता वही दुकानाच्या खणात असते. पावतीबुक काढताना कधी तिच्यावर हात पडतो, मग पुढच्या गिऱ्हाइकाचं बोलणं मला पहिल्यांदा ऐकू येत नाही.

मागच्या आठवड्यात प्राची शाळेतून तरातरा दुकानात आली. दप्तर खताच्या पोत्यावर आपटलं. "बाबा, तुमी अख्ख्या बाजारात माह्या बिमारीची कहानी काहून सांगून राहिले? वर्गातल्या पोरी मले विचारून राहिल्या!"

माझा हात सवयीने खिशाकडे गेला, जिथे पूर्वी बाटली असायची. परत सुरू झालं की काय?

तिने ते ओळखलं. बाही वर सारून मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "मोजाचं हाय ना? मोजा."

मी घड्याळ पाहिलं. दोन बोटं ठेवली. पूर्ण एक मिनिट मोजलं. गिऱ्हाईकही थांबलं.

चौऱ्याऐंशी.

आत कोणीही धावत नव्हतं. म्हणजे राग तिचा स्वतःचा होता आणि त्याचं कारण मी होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे सगळं लिहायच्या आधी मी तिची परवानगी घेतली आहे.