आप्पांनी कौल मागितला

माझे वडील, म्हणजे आमचे आप्पा, सैन्यातून सुभेदार होऊन घरी आले आणि आमच्या घराची पलटण झाली. पांघरुणाची घडी चौकोनी नसली की पुन्हा घालायची. दारातल्या चपला एका रेषेत. आई वैतागून म्हणायची, "तुमची माणसं तिकडं राहिली, हितं मी एकटीच हाय." आप्पा मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चपलांची पाहणी.

बिरवाडीच्या एका कारखान्यात ते काही वर्षं सुरक्षा अधिकारी होते. आजूबाजूला खोल्या घेऊन राहणाऱ्या कामगारांची भांडणं सोडवता सोडवता राजकारणात शिरले आणि एका निवडणुकीत चक्क आमदार झाले. निकालाच्या दिवशी सगळ्यांत जास्त धक्का आम्हालाच बसला होता. आमदार झाले तरी लोक त्यांना सुभेदारच म्हणत, आणि त्यांनाही तेच आवडे.

त्यांची एक गोष्ट आम्हा भावंडांना पाठ होती. कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरावर त्यांची चौकी होती. वरचा उतार त्यांना बरा दिसेना. चौकी हलवायची परवानगी वरून येईना. तेव्हा यांनी तंबूतून एकेकाला बखोट धरून बाहेर काढलं आणि सगळ्यांना पलीकडच्या धारेवर नेऊन बसवलं. संध्याकाळी चौकी बर्फाखाली गेली. हुकूम मोडला म्हणून साहेबाने झाप झाप झापलं, पण माणसं जिवंत होती. "माणसाला विचारत बसायचं नसतं, उचलायचं असतं," असं म्हणून आप्पा गोष्ट संपवायचे. मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. आता ते वाक्य मी कुणाला सांगत नाही.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी होती. निम्मी माणसं मुंबईला, राहिलेली म्हातारी, बाया आणि पोरं. त्या आषाढात वाडीच्या माथ्यावर डोंगराला भेग पडली. जिल्ह्याहून आलेल्या भूगर्भवाल्या साहेबांनी ती पाहिली आणि पाऊस सरेपर्यंत वाडी खाली हलवा असं सांगितलं. आप्पांनी दोन दिवसांत सगळं जुळवलं. खालची शाळा रिकामी केली, कारखान्यांचे दोन ट्रक मागून घेतले, ते रस्त्यावर आणून उभे केले. मी महाडला शाळेत शिकवते. त्या दिवशी रविवार होता, म्हणून मुलांसाठी चादरी घेऊन मीही बरोबर गेले.

वाडीतली जाणती मंडळी देवळापाशी जमली होती. त्यांचं म्हणणं एकच, देवाची हद्द सोडायची तर देवाला विचारायला हवं. "कौल लावल्याबिगर आमी हालायचे नाय, सुभेदार." कौल म्हणजे पुजारी, तिकडचा गुरव, देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

इथं एक सांगायला हवं. आम्ही बौद्ध. आमचं मूळ घर त्याच डोंगराच्या खालच्या वाडीत. आप्पांच्या लहानपणी आजोबा त्या देवळाच्या पायऱ्यांखाली उभे राहायचे आणि प्रसाद वरून टाकला जायचा. आप्पा तेव्हा त्यांचं बोट धरून असायचे. पुढे आमच्या घराने असल्या देवाधर्माचा नाद कायमचा सोडला. कौल, नवस, अंगात येणं, यांवर आप्पा मनापासून हसायचे.

त्या दिवशी वाडीच्या म्हाताऱ्या गावकाराने, म्हणजे देवळाचा पहिला मान ज्याचा त्याने, त्यांचा हात धरला. "सुभेदार, आत या. तुमीच इचारा देवाला. नारळाचा मान तुमचा."

आप्पांनी बूट काढले, एका रेषेत ठेवले आणि पायऱ्या चढून आत गेले. त्यांना घोंगडीवर बसवलं, गुलाल लावला. मी दारातून बघत होते. माझ्या बापाचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. आप्पांनी हात जोडले. सगळी वाडी श्वास रोखून पाषाणाकडे बघत राहिली, आणि डावी कळी पडली.

"नाय म्हनतो देव. दिवाळी झाली की परत लावू," गुरव म्हणाला.

मला वाटलं, आता आप्पा उठतील, घसा खाकरतील आणि बखोटं धरायला लागतील. आप्पा उठले, देवाला हात जोडले आणि म्हणाले, "बरं. देवाचा मान राखू." ट्रक रिकामे परत गेले. चादरी मी तिथल्याच बायांना वाटून टाकल्या.

पुढच्याच आठवड्यात डोंगर खाली आला. भर दुपारी. मी वर्गात होते, आप्पांनी फाटकाशी गाडी थांबवली आणि नुसतं "चल" म्हणाले. वर वाडी नव्हतीच. काळपट चिखल, त्यातून वर आलेली मुळं, आणि त्या चिखलाला येणारा एका पिकलेल्या फणसाचा वास. आप्पा हातांनी उकरत होते. बचावाला आलेल्या जवानांनी त्यांना बाजूला केलं तरी पुन्हा येऊन उकरत होते. संध्याकाळी ओळीने ठेवलेल्या माणसांवर मी वाटलेल्या चादरींतली एक मला ओळखू आली. त्यानंतर मी तिकडे बघितलं नाही.

वाचलेल्या लोकांना पत्र्याच्या शेड मिळाल्या. मशीनने उपसताना देवाचा पाषाण सापडला, तेव्हा पहिली शेड त्यालाच दिली. माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, आईने हात दाबला. गावकार आप्पांना म्हणाला, "तुमी वाईट वाटून घेऊ नका. तुमी तर आमच्या देवाचा मान राखलात." लोक खरंच तसं मानत होते. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. पुढच्या निवडणुकीत उभे राहा म्हणून तीच माणसं घरी आली. आप्पांनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

एक म्हातारी तेवढी बोलली. तिची सून आणि नातू गेले होते. आम्ही शेडवर तांदूळ घेऊन गेलो तेव्हा ती आप्पांच्या समोर येऊन उभी राहिली.

"सुभेदार, तुमी देवाला कशाला इचारलात? आमी अडानी, आमी इचारनारच. तुमी लष्करातलं मानूस. एक आवाज टाकला असतात तर मी पोराला काखंत मारून पयली टरकात बसली असती."

आप्पा तिच्यापुढे सावधान उभे होते. तांदळाची पिशवी हातातच राहिली होती.

परतीच्या वाटेवर सव गावाचा फाटा आला. मग राहवलं नाही. मी जवळजवळ ओरडलेच, "तुमचा विश्वास तरी होता का त्या कळीवर? मग का बसलात तिथं?"

आप्पांनी गाडी कडेला घेतली. वायपर चालू होता. ते म्हणाले,

"मला त्यांनी आत बोलावलं होतं गो."