जिंकलेल्यांनी भरायचं पाणी

"तुमी बसा. तुमी हरलाय."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. जिंकलेल्या पोरींच्या जोडीला खेळाचे सर समोर उभे. गळ्यातल्या टॉवेलची चुंबळ करून डोक्यावर ठेवलेली, तिच्यावर भरलेली घागर आणि हातात स्टीलचा पेला. मी माणगंगा हाऊसची बाई. आमच्या पोरी खो-खोत हरलेल्या, आणि मी सवयीनं पाणी आणायला उठलेली. तर हा माणूस मला म्हणतो, बसा. बोलण्यात चेष्टा नव्हती की कीव नव्हती. मी मुकाट्यानं बसले आणि पाणी प्याले.

मी मूळची वाईची. संस्थेनं बदल्या करत करत मला आटपाडीच्या पलीकडच्या या हायस्कूलमध्ये आणून टाकलं. टाकलं हा शब्द मुद्दाम वापरते. मराठी शिकवायला म्हणून आले आणि निम्मा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जायला लागला. कधी नेट नाही, कधी लाईट नाही, दोन्ही असलं तर पोरांची नावं आधारशी जुळत नाहीत. तुमच्यापैकी कुणी शाळेत असेल तर त्याला हे वेगळं सांगायला नको. अशात हे नवे क्रीडाशिक्षक आले आणि पहिल्याच सभेत म्हणाले की मुलांची चार हाऊस करूया. मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक काम वाढलं. रग दिसते अंगात, उतरेल चार महिन्यांत.

ते कोयनानगरच्या कॉलनीत वाढलेले. वडील प्रकल्पावर कामाला, भाऊ फौजेत. हे स्वतः भरतीत छातीच्या मापात बसले नाहीत म्हणून मास्तर झाले, असं तेच हसत सांगायचे. अंगानं किडकिडीत, शिट्टी बुटाच्या नाडीत ओवलेली. मैदानावर काय आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत काय, बोलणं एकच.

हाऊसना त्यांनी नद्यांची नावं दिली. कृष्णा, कोयना, वारणा आणि माणगंगा. सगळ्यांना कोयना हवी होती. माणगंगा कुणालाच नको, कारण तिच्या कोरड्या पात्रातून पोरं रोज चप्पल न भिजवता शाळेला येतात. ती माझ्या वाट्याला आली. का, विचारलं तर म्हणाले, "तुमी शिकवताय चांगलं, बाई. तिला तुमच्यासारखंच माणूस पायजे." लोणी लावत होते, हे मला कळत होतं. तरी बरं वाटलं.

आमच्या शाळेत दोन प्रकारची मुलं. एक गावातली, दुसरी माळावरच्या वस्तीतली. एकाच गावाची, पण बाकं वेगळी, डबा खायची झाडंही वेगळी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं आणि आम्ही शिक्षक त्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचो. सरांनी रंगीत फिती एका पोत्यात घातल्या आणि प्रत्येकाला डोळे झाकून हात घालायला लावला. ज्या रंगाची फीत, ते हाऊस. कुणाचा मुलगा, कुठल्या आळीचा, याला पोत्यात काही अर्थ उरला नाही.

पाण्याचा नियम मात्र नंतर आला. पहिल्या सामन्यांच्या दिवशी जिंकलेली पोरं आरोळ्या ठोकत थेट टाकीवर तुटून पडली. आमच्याकडं पाणी टँकरचं. ती पिऊन, तोंडं धुऊन, एकमेकांवर उडवून मोकळी झाली आणि हरलेली आली तेव्हा टाकी खडखडीत. सरांनी तोटी फिरवून बंद केली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सांगून टाकलं की यापुढं जिंकलेल्यांनी पाणी भरायचं आणि हरलेल्यांना बसल्या जागी द्यायचं. स्वतः प्यायचं ते शेवटी.

पोरं वस्ताद. पुढच्या कबड्डीत कृष्णा आणि वारणाच्या पोरांनी मनातल्या मनात हिशोब केला की या उन्हात घागरी कोण वाहणार. त्यामुळं जो तो हरायला बघायला लागला. चढाईला जाणारा रेषेवर उभा राहून कबड्डी कबड्डी म्हणायचा आणि परत यायचा. एक जण तर आपल्या पायानं जाऊन दुसऱ्यांच्या हातात पडला, तर त्यांनी त्याला उचलून परत रेषेपलीकडं ठेवला. आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसत होतो. सरांनी शिट्टी फुंकली. दोन्ही हाऊस हरली म्हणून जाहीर केलं, सगळ्यांना ओळीत बसवलं आणि खो-खो जिंकलेल्या पोरींना घागरी दिल्या. पोरी नटून-थटून आल्यासारख्या आल्या. एकेकाला पेला देत म्हणाल्या, प्या रं, लय दमला असाल. त्या दिवसानंतर हरायला कुणी तयार होईना.

हळूहळू असं झालं की पाणी भरायला मिळणं हाच मान. कप आणि ढाली कपाटात धूळ खात पडल्या. गावातली पोरगी वस्तीतल्या पोरीच्या हातात पेला देते, पुढच्या आठवड्यात ती हिला देते, आणि डबा खायच्या झाडाखाली कोण कुठलं हे ओळखू येईना. मी दमलेली बाई, मला कशाचं कौतुक चटकन वाटत नाही. याचं वाटलं.

सरही दमायचे. कुटुंब तिकडे कोयनेला, इथं एका खोलीत हातानं करून खायचे. मधल्या सुट्टीत लिंबाखाली बूट काढून बसायचे, डोळे मिटून. मी विचारायची, कशाला एवढं? तर म्हणायचे, "आपण गेल्यावर काय ऱ्हातंय का बघायचंय, बाई." एवढीच त्यांची हाव होती.

मग गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. दोन पॅनेल, दोन्हीचा मुद्दा पाणीच. गाव आणि वस्ती पुन्हा समोरासमोर आली, लग्नाकार्याला जाणं बंद झालं. गावातल्या पॅनेलचे आबा निवडून आले आणि सरपंच झाले. पाठोपाठ आमच्या क्रीडास्पर्धा. आबांची मुलगी नववीत, कोयनेची कॅप्टन. खो-खोत तिच्या हाऊसनं माझ्या माणगंगेला हरवलं. माझी कॅप्टन म्हणजे वस्तीतल्या पडलेल्या उमेदवाराची मुलगी. आबा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. लेक कळशी घेऊन निघाली आणि त्या मुलीसमोर वाकून पेला भरायला लागली, तेव्हा त्यांच्या टाळ्या थांबल्या.

ते उठून मैदानात आले. लेकीच्या काखेतली कळशी ओढून खाली ठेवली. जिंकून आमच्याच पोरीनं त्यांच्या पोरीला पाणी पाजायचं, ही कुठली रीत, असं सगळ्यांदेखत विचारलं. मुलगी रडवेली झाली. मुख्याध्यापक माफीच्या तयारीत पुढं सरकले. सर मात्र शांतपणे म्हणाले, "आवं आबा, जिंकलेल्यानंच पाणी भरायचं असतंय. तुमी बी जिंकलाय न्हवं?"

मैदानात कुणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्यानं घात केला.

मुख्याध्यापकांनी नंतर सरांना समजावलं. हाऊस राहू देत, फक्त ते पाण्याचं तेवढं बंद करा. मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत, त्यांनाही शाळा चालवायची असते. सरांनी विचारलं, "मग ऱ्हातंय काय, सर?" मुख्याध्यापकांनी समोरची फाईल उघडली. मीही माझ्या ऑनलाइन माहितीकडे वळले. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांची बदली शिरवळच्या शाखेत झाली. कारणाच्या जागी प्रशासकीय असं लिहिलेलं. निरोपाला चहा आणि वेफर्स. सरांनी गळ्यातली नाडी काढली. शिट्टी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, नवा माणूस येईपर्यंत सांभाळा.

नवा माणूस काही आला नाही. यंदाच्या स्पर्धांचं काम, अर्थात, माझ्याच गळ्यात पडलं. गुडघे दुखतात, आवाज बसतो, वर ऑनलाइन फोटो चढवायचे ते वेगळंच. मुख्याध्यापकांनी बजावून ठेवलं होतं की पाण्याचे जार मागवलेत, ज्याला लागेल त्यानं आपापलं घ्यावं. प्रमुख पाहुणे आबाच. मी सरांना फोन केला होता. तिथं कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची पोरं, निम्म्यांना मराठी येत नाही, पुन्हा पोत्यापासून सुरुवात आहे, म्हणाले. आवाज थकलेला होता. पाण्याचं बंद झालंय हे सांगायचा मला धीर झाला नाही.

खो-खोचा शेवटचा सामना पुन्हा कोयना आणि माणगंगेचाच. आम्ही पुन्हा हरलो. मी शेवटची शिट्टी मारली. तोंडाला कोरड पडलेली, रांग लागायच्या आत आपण घेऊन यावं म्हणून जारकडे निघाले. माझ्या मुली मातीत मांडी घालून बसल्या होत्या, त्या हलेनात. कशाची वाट बघताय, असं मी त्यांना ओरडणारच होते.

तेवढ्यात टाकीच्या बाजूनं आबांची लेक येताना दिसली. आता दहावीतली, बापाएवढी उंच झालेली. जारकडे तिनं बघितलंही नाही. ओढणीची चुंबळ, डोक्यावर घागर, मागं तिच्या हाऊसच्या सगळ्या पोरी. स्टेजसमोरून जाताना ती थांबली नाही. आबा खुर्चीत पुढं झुकले, मग परत मागं टेकून बसले. तिनं माझ्या कॅप्टनचा, वस्तीतल्या त्याच मुलीचा पेला आधी भरला, तिच्या शेजारणीचा भरला आणि मग माझ्याकडे वळली. मी घागर धरायला हात पुढं केला, तर ती मागं सरली.

"तुमी बसा, बाई. तुमी हरलाय."

मी तिथंच मातीत बसले आणि पाणी प्याले.